कोरं निळं सील

१

रांग पुढे सरकली आणि भोंग्याचा ट्रक जागचा हलला नाही.

भर दुपार होती. सीमेवरच्या नाक्याचं आवार म्हणजे काँक्रीटचा तवाच, आणि त्यावर ओळीनं तापत उभे असलेले ट्रक. साथ सुरू झाल्यापासून इथली पद्धत ठरून गेली होती. पलीकडून आलेल्या ट्रकच्या दोन्ही दारांवर पहिल्या फाटकाशीच निळं कागदी सील चिकटवायचं, म्हणजे ड्रायव्हर खाली उतरायला नको. मग ट्रक फवाऱ्याच्या कमानीखालून न्यायचा. तिथे वरून आणि दोन्ही बाजूंनी ब्लीचच्या पाण्याचा मारा. मग आवारात इंजिन बंद करून थांबायचं. डॉक्टर येऊन नाकातला नमुना नेणार, रिपोर्ट येणार, मग पुढच्या फाटकाशी सील कापणार. क्लीनरला बंदी. एका केबिनमध्ये एकच माणूस.

फाटकावर मोठा फलक होता: 'अत्यावश्यक माल. चालकांच्या विश्रांतीची अट शिथिल.' बाकीचे सगळे नियम आवळले होते. सैल केला तो एकच, माणसाला झोपू देणारा.

माझं काम कमानीच्या टाकीतल्या क्लोरीनचं प्रमाण मोजायचं. मी टाकीशीच होते तेव्हा मागच्या ट्रकचा हॉर्न वाजू लागला आणि थांबेचना. मागच्या ट्रकमध्ये भोंग्याचा धाकटा भाऊ होता. दोघे भाऊ जोडीनं गाड्या आणायचे. थोरल्याच्या ट्रकला तीन सुरांचा हॉर्न होता, त्यावरून नाक्यावर त्याचं नाव भोंगा पडलेलं.

नाक्याचे साहेब आले. पांढऱ्या सुटात. त्या दिवसांत आवारात पाऊल टाकणारा जो तो डोक्यापासून पायापर्यंत तसल्याच सुटात असायचा. छातीवर निळ्या पेनानं नाव लिहायची रीत होती, पण कमानीचे तुषार उडून ते दुपारपर्यंत नाहीसं व्हायचं, आणि मग आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखायचो.

साहेबांनी सगळ्यांच्या देखत दोन्ही दारांची सील तपासली आणि पात्यानं अलगद कापली. दार उघडलं. भोंगा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. मरून बराच वेळ झालेला. अंगावर उलटीचं पाणी, आणि ओठांच्या आत काहीतरी पांढरं.

साहेबांनी क्लीनरच्या बाजूचं सील उंच धरलं. निळंशार, शिक्का ठसठशीत, एक सुरकुती नाही.

"बघून ठेवा," ते म्हणाले. "आत कोणी गेलं नाही, बाहेर कोणी आलं नाही. आत गेली ती फक्त मावशीची जेवणाची पुडी."

आणि त्यांनी मावशीला धरायला सांगितलं.

२

मावशी नाक्याची खाणावळ चालवायची. लांब काठीच्या टोकाला फळी ठोकून त्यावरून ती पुड्या खिडक्यांपर्यंत पोचवायची. कोण कुठून आलाय, कोणाला तिखट चालत नाही, हे तिला पाठ. तिचं आणि साहेबांचं वाजलं होतं ते इंजिनावरून. माणसं आत भाजताहेत, इंजिन चालू ठेवून पंखा तरी लावू द्या, असं ती रोज सांगायची. पण धुरानं साहेबांच्या खोलीतल्या एसीला वास यायचा. इंजिनं बंदच राहिली.

आता मावशी भांडारखोलीत कोंडलेली होती आणि साहेब माझ्यासमोर उभे होते. रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, म्हणजे साथ नाही. साथ नाही म्हणजे विष, असा त्यांचा हिशेब. माझ्याकडे बाटल्या आहेतच, तेव्हा जेवणात काय कालवलं होतं तेवढं मी सांगावं. सकाळी पोलिसांची गाडी येणार होती. मावशीला शहरात नेणार, आणि तिथून ती कधी परत येईल ते कोणीच सांगू शकलं नसतं.

मी केबिनमध्ये चढले. आत शिरताच भट्टीचं झाकण उघडल्यासारखं झालं. पाण्याची बाटली रिकामी, झाकण उघडं, तोंडाशी दातांच्या खुणा. डॅशबोर्डवर मावशीची सकाळची पुडी. तिची गाठ सुटलेलीच नव्हती.

मी ती साहेबांना दाखवली. आदल्या दिवशीची खाल्ली असेल, असं ते म्हणाले आणि निघून गेले.

राहिलं ते पांढरं. भोंग्याच्या जिभेला एक गोळी चिकटलेली होती. कडा जराशा मऊ झालेल्या, बाकी जशीच्या तशी. तोंडात लाळच उरली नसेल तर गोळी विरघळणार कशानं? मी चिमट्यानं ती सोडवली. मधली खाच शाबूत होती. चुरा पाण्यात घालून त्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला. पाणी निळसर जांभळं झालं.

विष नव्हतं. तापावरची साधी गोळी होती, आणि अशी गोळी त्या केबिनमध्ये दुसरी नव्हती. पाकीट नाही, फाडलेली पट्टी नाही. ती बाहेरून आली होती, आणि देणाऱ्याला भोंग्याचं अंग तापल्याचं ठाऊक होतं.

बंद केबिनमधल्या माणसाचा ताप बाहेरून कळतो कसा?

३

धाकट्याचा रिपोर्ट अजून यायचा होता. म्हणून सख्खा भाऊ समोरच्या ट्रकमधून चादरीत गुंडाळून नेला तरी त्याला खाली उतरू दिलेलं नव्हतं. मी त्याच्या खिडकीखाली उभी राहिले. त्याच्या दारावरचं सील उन्हापाण्यानं राखाडी पडलं होतं आणि एका कोपऱ्यातून फडफडत होतं.

"ह्या कागदानं अडवलं मला, मॅडम," तो म्हणाला. "बोट लावलं तर फाटेल. पण फाडलं की परवाना रद्द, दोघांचाही."

दोघांनी घर सोडल्यापासून धड झोप घेतली नव्हती. पूर्वी कंपनी सक्तीनं थांबवायची. आता अट शिथिल झाल्यावर एक खेप संपली की दुसरी. सकाळी दादाचा हॉर्न सुरू झाला. आधी तीन सूर पुन्हा पुन्हा, मग एकच लांबलचक. धाकट्यानंही हॉर्न वाजवला. आवारातल्या बाकीच्यांना वाटलं, वैतागलेत, आणि त्यांनीही वाजवून घेतलं.

मग एक पांढरा सूटवाला आला. क्लीनरच्या बाजूनं वर चढला. धाकट्याला त्याची पाठच दिसली, ती पण अर्धी. थोड्या वेळानं तो उतरला, दाराला हात लावून काहीतरी चापून बसवल्यासारखं केलं, आणि गेला.

"मला वाटलं, आली मदत," धाकटा म्हणाला. "म्हणून मी हॉर्न बंद केला."

तो कोण, हे त्याला सांगता येईना. नाव दिसत नव्हतं, सगळे एकसारखे.

कंपनीचा माणूस सावलीत उभा होता. त्याच्याही अंगावर सूट. सकाळी आवारात होतो, असं तो सरळ म्हणाला. हॉर्न ऐकला का, तर हॉर्न काय, ड्रायव्हर लोक वाजवतच असतात. ट्रकमध्ये सलाईनच्या बाटल्या होत्या, रुग्णालयं वाट बघत होती. केबिनमध्ये रोगी निघाला असता तर ट्रक मालासकट अडकला असता, हेही त्यानं लपवलं नाही. झोपेबद्दल विचारलं तेव्हा तो जरा हसला.

"शिथिल म्हणजे झोपायला मनाई नाही हो. फक्त सक्ती नाही."

मागे हजारो बाटल्या सलाईन आणि पुढे कोरड्या जिभेवर गोळी. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो घाईनं म्हणाला की दारांशी त्याचा संबंध नाही. सीलची गुंडाळी पहिल्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे, डॉक्टरांकडे आणि साहेबांकडेच असते. पहारेकरी फाटक सोडून हलत नाही.

मी सीलचं काही विचारलंच नव्हतं.

४

भांडारखोलीच्या गजांमागून मावशीनं आधी मलाच विचारलं, की पोरांना जेवायला कोण घालतंय. कोणी नाही म्हटल्यावर ती साहेबांना एक अस्सल शिवी देऊन मोकळी झाली.

भोंग्याची पुडी तूच दिलीस का, असं मी विचारलं.

"मीच. पण त्याचं वेगळं असायचं. त्याच्या बाजूची काच जाम आहे, तसूभर हलत नाही. क्लीनरच्या बाजूची खाली येते ती दोन बोटं. म्हणून त्याची पुडी मी थापून चपटी करायचे. म्हणायचे, घे रे बाबा, तुझं पत्र टाकलं पेटीत. आज त्याला पुडी नको होती. पाणी मागत होता. बाटली त्या फटीतून जाईना. मी साहेबांकडे गेले, म्हटलं, एक मिनिट दार उघडा. म्हणाले, रिपोर्ट आल्यावर."

मी परत ट्रककडे गेले. ड्रायव्हरच्या बाजूचं काचेचं हँडल नुसतं गरगर फिरत होतं. पलीकडची काच दोन बोटं उतरली आणि अडली.

डॉक्टर आपल्या तंबूत हात धूत बसले होते. तरुण माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सकाळी नमुना त्यांनीच घेतला होता. भोंग्यानं काच खाली करून तोंड बाहेर काढलं, हसला, लवकर सोडा म्हणाला. ताप नव्हता. मी जास्त काही विचारलं नाही. ते मात्र हात धूतच राहिले.

म्हणजे डॉक्टर खोटं बोलत होते. मला वाटलं, नमुना घेतलाच नसेल. कोरी काडीच नळीत घालून पाठवली असेल. प्रयोगशाळेत माझी एक वर्गमैत्रीण होती. तिला फोन केला. ती म्हणाली, काडी कोरी असती तर तपासणीत लगेच कळलं असतं. माणसाच्या पेशी सापडल्याशिवाय निगेटिव्ह म्हणताच येत नाही. हा नमुना तर उत्तम होता, नाकात खोलवर घालून घेतलेला.

मी फोन ठेवला. नमुना खरा होता. पण नाक काचेच्या आत होतं, आणि दोन बोटांच्या फटीतून हात जात नाही.

५

दार उघडल्याशिवाय हे होणारच नव्हतं. आणि दार उघडलं नव्हतं, याची साक्ष आवारातल्या प्रत्येकानं पाहिली होती: ते सील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी टाकीवर गेले. नमुन्याची बाटली भरताना थोडं पाणी छातीवर उडालं. मी प्रमाण मोजलं, बाटली बंद केली, खाली पाहिलं. निळ्या पेनानं लिहिलेलं माझं नाव राखाडी झालं होतं. रोज होतं तसंच.

मी तशीच उभी राहिले. मग रांगेत गेले आणि प्रत्येक ट्रकची दारं बघितली. राखाडी. राखाडी. राखाडी. जे सील कमानीखालून गेलं, त्याची शाई उडाली. ऊन नाही, माझं ब्लीच ती उडवत होतं. फाटकाशी चिकटवलेलं एकही सील आवारात निळं पोचत नव्हतं.

सील लावणारा ते फाटकाशी निळं बघायचा, कापणारा शेवटी राखाडी बघायचा. दोघांनी एकमेकांशी रंगाबद्दल बोलावं असं काही कधी घडलंच नव्हतं.

आणि साहेबांनी हात उंच करून जे सगळ्यांना दाखवलं, ते निळंशार होतं.

तेवढ्यात फाटकाशी पोलिसांची गाडी येऊन थांबली.

६

मावशीला गाडीत चढवत होते. मी पोलिस अधिकाऱ्यांना म्हटलं, तुमचा पुरावा एकदा बघू द्या. साहेब खुशीनं पुढे आले. कापलेली दोन्ही सील त्यांनी स्वतः पारदर्शक पिशवीत घालून ठेवली होती. धाकट्याचा रिपोर्ट अजूनही आला नव्हता, तो ट्रकमध्येच होता; मी ती पिशवी त्याच्या दारावरच्या सीलशेजारी धरली.

पिशवीतलं ड्रायव्हरच्या बाजूचं सील त्या सीलसारखंच राखाडी होतं. क्लीनरच्या बाजूचं कोरं निळं.

"एकाच ट्रकची दोन दारं एकाच कमानीखालून गेली," मी म्हटलं. "एकावरच पाणी पडलं का?"

मी क्रमानं सांगितलं. निळं सील कमानीनंतर लागलं, म्हणजे दार आवारात उघडून पुन्हा बंद झालं. धाकट्यानं तिथे एक सूटवाला पाहिला. तोंडात तापाची गोळी मिळाली, म्हणजे आत गेलेल्याला ताप कळला होता. राहिला प्रश्न तो कोण. कंपनीच्या माणसाला ट्रक हलायला हवा होता, पण तो नमुना घेत नाही. साहेबांकडे सील होती, पण तेही नमुना घेत नाहीत. नाकातला नमुना खरा होता, काच दोन बोटं उतरते, आणि काडी घेऊन फिरणारा माणूस या नाक्यावर एकच आहे.

साहेब म्हणाले, डॉक्टरांनी स्वतःच्याच नाकातला घेतला असेल, आळस केला असेल. डॉक्टरांना वाचवायला ते पुढे आले याचं मला आश्चर्य वाटलं. मग लक्षात आलं, ते डॉक्टरांना नाही, स्वतःला वाचवत होते.

"मग गोळी कोणी दिली?" मी डॉक्टरांना विचारलं. "हसत होता म्हणालात ना?"

डॉक्टर खाली काँक्रीटवर बसले.

हॉर्न ऐकून ते गेले होते. काच उतरेना म्हणून सील काढलं. भोंग्याचं अंग विस्तवासारखं, बोलणं असंबद्ध. त्यांना वाटलं, झालं, साथच ही. हात लांब करून त्यांनी नमुना घेतला, गोळी जिभेवर ठेवली आणि खाली उतरून साहेबांना फोन लावला. रोगी निघाला तर आवार बंद, नाका बंद, आपण सगळे आत अडकणार, ही भीती होती. साहेब म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत दार लाव, कोणाला कळायला नको. त्यांनी नवं सील लावलं.

"घाम होता का त्याला?" मी विचारलं.

त्यांनी हात एकमेकांवर चोळले, धुतल्यासारखे.

"नाही. अंग कोरडं ठणठणीत होतं."

उष्माघात. डॉक्टरकीच्या पहिल्या पुस्तकात ही खूण एका ओळीत दिलेली असते. सावली, दोन बादल्या पाणी आणि मागे भरलेल्या हजारो बाटल्यांपैकी दोन, एवढ्यावर माणूस कदाचित वाचला असता. पण साथीच्या दिवसांत तापाला दुसरं कारण कोणाला सुचत नव्हतं. भीतीपुढे शिक्षण बाजूला राहिलं. ते एक वेळ मला समजतं. जे समजत नाही ते हे, की दार उघडलं होतं हे फोनवर ऐकलेल्या माणसानं दुपारी त्याच दाराचं सील हातात धरून सगळ्यांना सांगितलं, आत कोणी गेलं नाही. आणि पुडी देणाऱ्या बाईला कोंडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरानंच दोर वळला होता.

धाकट्यानं काचेतून सगळं ऐकलं होतं. तो ओरडला नाही. त्यानं बोटानं आपल्या दारावरचा राखाडी कागद आरपार फाडला, खाली उतरला आणि साहेबांसमोर येऊन उभा राहिला. त्याला अडवायला कोणी पुढे झालं नाही.

"मी हॉर्न बंद केला," तो त्यांना म्हणाला. "तुमच्या माणसावर विश्वास ठेवून."

७

पोलिसांच्या गाडीतून मावशी उतरली आणि साहेब चढले. त्यांच्यामागून डॉक्टर. चौकशी सुरू झाली, म्हणजे वरातीमागून घोडं निघालं.

पुढच्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं. मला वाटलं, इंजिनं चालू ठेवायला सांगितलं असेल, नाहीतर झोपेची अट परत आणली असेल. परिपत्रक चार ओळींचं होतं. आवारात काही कारणानं सील बदलावं लागल्यास नवं सील ब्लीचच्या पाण्यानं पुसून घ्यावं, म्हणजे सर्व सील एकसारखी दिसतील.

मी ते दोनदा वाचलं. एक माणूस मेला, त्यातून कार्यालय शिकलं ते एवढंच.

रोज कमान चालू करायच्या आधी तिच्यावर माझ्या सहीचा हिरवा कागद, आमच्या भाषेत हिरवं पान, टांगावा लागतो. त्याशिवाय कमान चालवायची नाही, आणि कमान बंद असेल तर फाटकाशी सील लावायचं नाही, हा नियम त्यांचाच. त्या सकाळी मी टाकीतलं पाणी मोजलं नाही. माझं उपकरण घेऊन मी आदल्या दिवसाच्या पानावर पहाटे फवारलेल्या एका ट्रकच्या बंद केबिनमध्ये बसले आणि आतली हवा मोजली. डोळ्यांची आग होईपर्यंत बसले. मग खाली उतरून कमानीवर लाल पान टांगलं.

नवे साहेब धावत आले. कशाच्या आधारावर, असं त्यांनी विचारलं.

"आतापर्यंत मला पाणी मोजायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "आत माणूस बसतो. त्याची हवा कोणी मोजली नव्हती. ती बसण्यालायक नाही. आकडे देते, खोटे ठरवून दाखवा."

दुसरा रसायनतज्ज्ञ यायला वेळ लागणार होता, आणि रांग तर लांबत चालली होती. दुपारपर्यंत सील न लावताच ट्रक आत घ्यावे लागले. दारं उघडू लागली. माणसं गुडघे धरून, कण्हत, पायरी चाचपत खाली उतरली आणि आपापल्या ट्रकच्या सावलीत अंतर राखून आडवी झाली. चौकशीसाठी अजून आवारातच अडकवून ठेवलेला धाकटाही त्यांच्यात होता. मावशीनं काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. ती तोंडाला फडकं बांधून हातानं पाणी देत फिरत होती.

तेवढ्यात रांगेच्या शेवटाकडून एक हॉर्न आला. एकच, लांबलचक.

कोणाच्या तरी गाडीचं दार अडकलं होतं, इतकंच. पण कोणी वैतागलं नाही, कोणी उत्तरादाखल हॉर्न दिला नाही. आडवी झालेली माणसं उठली आणि धावत सुटली. सगळ्यांच्या पुढे धाकटा होता.